तुला वाचून न दाखवलेली पानं

प्रिय शेवंते,

सिकलसेलच्या, रक्तातून पिढ्यानपिढ्या येणाऱ्या या आजाराच्या घरांची, म्हणजे आपल्या सगळ्यांची, एक जुनी तक्रार आहे: आपल्याला कुणी पूर्ण सांगत नाही! उद्या पोंभुर्ण्याच्या सभेत मला पुन्हा त्यावरच बोलायला बोलावलंय. तिथे चिमूरहून एक आई येणार आहे. तिच्या मुलीलाही तुझाच उपचार सुचवलाय. "पोरगी भेते, भाऊ. तुमीच समजावा," ती फोनवर म्हणाली, आणि मी "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. म्हणून आधी तुला लिहितोय.

आठवतं तुला? डॉक्टरीणबाईंनी जीन थेरपीचं संमतिपत्र हातात दिलं, अठरा पानांचं. तुझ्याच रक्ताच्या मूळपेशी काढायच्या, त्यांतला दोष प्रयोगशाळेत दुरुस्त करायचा आणि त्या परत तुला द्यायच्या. "घरी नीट वाचा, मग विचारा," त्या म्हणाल्या. तू कागद माझ्याकडे सरकवलेस. "तूच वाच, भाऊ. तुया आवाजानं भेव नाई वाटत."

मी वाचलं. पण काय वाचलं? आशेचं तेवढं. धोक्याची पानं तशीच उलटली.

"सभेत तं दोन-दोन घंटे बोलतो तू, अन् एवढ्या कागदाचं दोन मिनिटात झालं?" तू हसलीस. "काऊन रे?"

"बाकी सारी डाक्टरी भाषा हाय."

खोटं बोललो, शेवंते. नव्या पेशींसाठी हाडांतला मगज कडक औषधानं रिकामा करतात. त्या काळात साधा जंतूही जीव घेऊ शकतो. पुढे मूल न होण्याची शक्यता असते. रक्ताच्या कर्करोगाची भीती असते, म्हणून वर्षानुवर्षं तपासण्या. सगळं लिहिलेलं होतं, साध्या मराठीत!

मुलाबाळांचं तुला नंतर कळलं, तपासणीच्या रांगेतल्या एका बाईकडून. तू ओरडली नाहीस. "तुले माईत होतं, भाऊ?" एवढंच विचारलंस. मी तुझ्या गोळ्या मोजायला घेतल्या. खरं सांगितलं असतं तरी तू कदाचित हो म्हणाली असतीस. पण ते हो तुझं असतं.

बाबा तलावात जाळं टाकायचे. नवा माणूस पाण्यात उतरण्याआधी बुडालेले खुंट कुठे आहेत ते त्याला काठावरून मोठ्यानं सांगायचे, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. "भिऊन घरी गेला तरी चालते, खुंटात अडकाले नाई पायजे." आपण त्याच काठावर वाढलो. मग मी कसा विसरलो गं?

नव्या पेशी रुजल्या होत्या. दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत तू कितीतरी दिवस हाडं न दुखता झोपलीस. "असं अंग असते होय लोकायचं?" म्हणालीस. उपचार फसवा नव्हता. हेही उद्या मला सांगावंच लागेल.

मग एका सकाळी तुला कणकण आली. "नेहमीचाच ताप हाय," म्हणत, जन्मभराच्या सवयीनं, तू गोधडी ओढलीस. ताप आला तर जराही थांबू नका, असं सुटीच्या वेळी दिलेल्या कागदावर होतं. तो माझ्या झोळीत होता, भाषणाच्या टिपणांखाली. आणि मी म्हणालो, पड जरा! दुपारी तू मला ओळखेनाशी झालीस. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. रात्र उलटायच्या आत तू गेलीस.

आई अजून म्हणते, "दवाखान्यानं घात केला." मी तिलाही खरं सांगितलेलं नाही. उद्या ती पहिल्या रांगेत असेल. तिच्यासमोरच हे पत्र वाचणार आहे.

चिमूरच्या त्या मुलीला मी समजावणार नाही. तिच्याशेजारी बसून अठराच्या अठरा पानं आपल्या बोलीत सांगेन आणि तिच्याकडून परत म्हणवून घेईन. मग ती हो म्हणो की नाही. हे तुला वचन.

आणि सभेतल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. सही करण्याआधी, ज्याच्या अंगावर उपचार होणार आहे, त्यालाच धोक्याचं पान मोठ्यानं वाचून दाखवा.

तुझा,
काठावर गप्प राहिलेला भाऊ,
दिवाकर