जांबोटीहून परतलेली बास गिटार

१८ मार्च १९८४, रविवार

माझ्या दोस्ताचं, भरमाचं काय करावं! जांबोटीच्या शाळेत मास्तर म्हणून गेला तेव्हा माझी बास गिटार सोबत नेली होती. आज परत आणून दिली, वर म्हणतो, "जरा पाणी लागलंय." जरा! इतके पावसाळे कौलाखाली खिळ्याला टांगून ठेवली होती पठ्ठ्यानं. लाकूड शाबूत आहे, पण धातू म्हणून जे जे आहे ते गंजानं खाल्लंय. तारा ताणायच्या चारही चाव्या जाम. तारा टेकतात त्या ब्रिजवरचे स्क्रू म्हणजे नुसते तांबडे फोड. बेळगावात कॅम्पातल्या एका गोव्याच्या वादकाकडून हौसेनं घेतली होती. पंचवीस वर्षांची जर्मन वस्तू — सुटा भाग इथं कुठून मिळणार?

गंगू ड्यूटीवरून आली ती साडी न बदलता गिटारजवळच बसली. "अण्णा, हिला मी बरी करणार. आणि जयंतीला मीच वाजवणार."

मी हसलो. ती हसली नाही.

गंगू, म्हणजे गंगव्वा, माझी धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स. माझ्या साध्या गिटारीच्या जाड्या तारांवर बासच्या जागा वाजवत असते, हे खरं. पण घरात वाजवणं वेगळं आणि १४ एप्रिलला अख्ख्या निपाणीपुढं वाजवणं वेगळं! ऑर्केस्ट्रा माझा, नाव माझं जाणार.

१९ मार्च

बँकेतून बेळगाव-शहापूरच्या शामूला फोन लावला. जयंतीला स्वतःची बास घेऊन येतो म्हणाला. मी शब्द दिला. गंगूला बोललो नाही. ही गिटार काही दुरुस्त होत नाही — मग सांगायचा प्रश्नच मिटला!

२१ मार्च

पोरीचं डोकं! दवाखान्यातली टाकून दिलेली काचेची सिरिंज आणली, तीत शिलाई मशीनचं तेल भरलं आणि एकेका स्क्रूच्या बुडाशी थेंब थेंब सोडत बसली. मी म्हटलं, पक्कड लाव आणि फिरव.

"व्हय, आणि डोकं मोडलं की काय करायचं? तू आपला बँकेतच बस."

मग तेल मुरल्यावर स्क्रू सोडवायचा तर तिनं आधी केसभर आवळला. आवळला! "आधी आवळायचा, गंजाची पकड मोडती. मग सैल करायचा." कुठं शिकलीस? तर ऑक्सिजनच्या नळकांड्यांचे नट सोडवताना. तिथं तेलही चालत नाही म्हणे. पेशंटला घाई असते आणि नर्सनं घाई करून भागत नाही, असं म्हणाली.

२२ मार्च

आज एकही हलला नाही. गंगू शीळ घालत जेवली.

२५ मार्च, रविवार

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास — आईनं मदत केली!

गंगू ड्यूटीवर. दोन दिवसांत सोडवून ठेवलेले स्क्रू, पट्ट्या, चाव्यांची झाकणं, सगळं आईनं चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं आणि राखेनं घासलं. तांबे-घागरी घासतात तसंच. झाकणांवरचा मुलामा गेला, खालचं पितळ उघडं पडलं. स्क्रू काळेठिक्कर. आई मात्र खुशीत. "सोन्यागत झालंय बघ कल्लाप्पा!"

मी ओरडायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात गंगू आली. बघितलं. खालचा ओठ चावला. मग आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "लई झ्याक निघालंय गं आई. आता फकस्त पाणी न्हाय लावायचं." सगळं कोरडं पुसलं, तव्यावर कोमट केलं, तेलाचा हात फिरवला. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे मन हिनं कुठून आणलं? आम्ही दोघं एकाच आईची ना!

३१ मार्च

तीन चाव्या फिरू लागल्या. चौथी, सगळ्यात जाड्या तारेची, हटून बसली होती. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी. तिच्याशिवाय गिटार लंगडी.

आमचा ढोलकीवाला नागोजी रेडिओ दुरुस्त करतो, त्याची डाख द्यायची विजेची कैया गंगूनं मागवली. तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरायचं, उचलायचं, तेल सोडायचं, पुन्हा धरायचं. खोलीभर जळक्या तेलाचा वास. मग स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि — कट्! मला वाटलं, मोडला. नागोजीनं तर डोळेच मिटले.

मोडला नव्हता. सुटला होता! गंगू ओरडली नाही की नाचली नाही. "निवू दे," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

नागोजीनं मला अंगणात गाठलं. "शामूचं सांगितलास काय तिला?"

न्हाय.

"मग कवा सांगणार? स्टेजवर?"

४ एप्रिल

बेळगावहून मागवलेल्या नव्या तारा चढवल्या, अँप्लिफायरला जोडली आणि वाजली! मांडणीवरची ताटं थरथरली. आई दचकून बाहेर आली.

मी गायलो, तिनं साथ केली. गाताना मी ठेक्याच्या पुढं पळतो. इतकी वर्षं कुणी तोंडावर बोललं नाही, पण मला माहीत आहे. आज पळताच आलं नाही. गंगू माझ्या पायाकडं बघत वाजवत होती, ठेका कुठं पडतो ते बघत, आणि मला अलगद धरून ठेवत होती. शामू फार चांगला वाजवतो. पण शामू स्वतःसाठी वाजवतो.

"जमलं काय रं अण्णा?" विचारते कशी! जमलं, म्हटलं. शामूचं सांगणं राहिलंच.

७ एप्रिल

फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. बसनं शहापूरला गेलो. शामूनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्यापायी दोन सुपाऱ्या सोडल्यात मी. शब्द देतोस आणि आता भणीचं नाव सांगतोस? पुन्यांदा ह्या दारात येऊ नकोस." चहा विचारला नाही. बरोबरच होतं त्याचं.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत मान वर केली नाही. नंतर मात्र हलकं वाटलं. घरी येऊन गंगूला म्हटलं, जयंतीसाठी पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेव.

१५ एप्रिल

काल जयंती झाली.

गंगू पदर खोचून उभी राहिली तेव्हा पुढं कुजबुज सुरू झाली. "कल्लाप्पाची भण न्हवं ती?" पहिलं गाणं पार पडलं. दुसऱ्याला अंतरा आला आणि मी कोरा! एक शब्द आठवेना. समोर हजारो माणसं.

गंगूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच चार सुरांवर फिरत राहिली, जणू तसंच बसवलं होतं. नागोजीची ढोलकी तिच्या मागोमाग. फिरली, पुन्हा फिरली, आणि मला शब्द सापडले. लोकांनी तर त्या जागेलाच टाळ्या दिल्या!

सरळ लिहितो. काल स्टेजवर ती माझ्यापेक्षा मोठी होती. आणि मला त्याचा आनंद झाला.

२० एप्रिल

संकेश्वरची सुपारी आली, चिकोडीचीही. दोन्हीकडं एकच प्रश्न — "त्या बाई येणार न्हवं?" येणार म्हणजे काय! येणारच!

२८ एप्रिल

गंगूची बदली झाली. रायचूर. सोमवारी हजर व्हायचंय.

"तिकडच्या वस्तीत गाण्याचं मंडळ हाय म्हणं अण्णा. पण बास न्हाय." एवढंच बोलली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. मागितली नाही.

शामूचं दार मीच बंद करून आलोय, म्हणजे इथं बास वाजवायला आता कुणीच नाही. गिटार चादरीत नीट गुंडाळली, तेलाची बाटली वर ठेवली आणि तिच्या ट्रंकेशेजारी नेऊन उभी केली. "घेऊन जा गं. तुझीच हाय ती."