मागणं नसलेली प्रार्थना

प्रिय बाबा,

तुमच्या धाकटीचा प्रभूच्या नावाने सलाम. मी खुशाल आहे आणि सोमवारपासून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची मुख्य झाले आहे! शेजारी सगळ्यांना सांगा, पण वहिनीला आधी, नाहीतर ती रुसेल.

इथे शेगड्या पेटवण्याआधी मुख्य बाईने सगळ्यांसाठी प्रार्थना करायची पद्धत आहे. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "प्रभू, पातेली मी घासून घेतलीत, भाज्या मी निवडल्यात, पथ्याचं जेवणही मी वेगळं काढलंय. आमेन."

कोणीच आमेन म्हणेना. निवृत्त होणाऱ्या मोठ्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हा अहवाल झाला गं. मागणं कुठंय?"

कोणापुढे हात पसरायचा नाही, हे तुमचं शिकवणं हाडीमाशी खिळलेलं. शेवटी तोंडातून निघालं, "प्रभू, एवढ्या आजारी माणसांचं जेवण माझ्या हातात आहे आणि मला भीती वाटते. तू सांभाळ. माझ्या एकटीच्याने होणार नाही."

"आमेन!" सगळे असे गरजले की झाकणं वाजली. बाबा, मुख्य झाल्याचा अभिमान आहेच, पण त्या मागण्याचा जास्त आहे.

दादा सांगत होता, तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि बराच वेळ तसेच बसून राहिलात. गुडघा कसा आहे? वहिनी तर भिंतीपलीकडेच होती ना?

हाक मारत जा, बाबा. तिलाही आणि प्रभूलाही.

तुमच्यासारखीच हट्टी,
धाकटी