सहा महिन्यांचा थांबा

३ नोव्हेंबर
रेल्वेवाल्यांनी संपाची नोटीस दिली म्हणे. आज आमच्या गिरणीत पिठापेक्षा संपच जास्त दळला गेला. कापसाचे व्यापारी देशमुख म्हणाले, "बसून पगार खातात, अन् वरून संप!" रेल्वे भरतीचा अभ्यास करणारा गणेश म्हणाला, "काढा सगळ्यांला, आमाला घ्या. उद्यापासून येतो." गयाबाईला डोळ्याची काळजी. दर महिन्याला जालन्याला दाखवायला जाते ती. सगळ्यांचं ऐकलं आणि मोटार सुरू केली. तेवढ्या आवाजात कुणी आपलं मत विचारत नाही, हे एक बरं.

माझी काळजी वेगळी. आपल्या स्टेशनला सकाळच्या गाडीचा थांबा सहा महिन्यांपुरताच दिलाय. तिकिटं खपली तर राहणार, नाहीतर गेला. मुदत महिनाअखेरीला संपते. त्यात ऐन वेळी संप झाला तर...

४ नोव्हें.
जेवताना सासऱ्यांनी विषय काढलाच. "गाडी हाय तवर कॉलेज. पोरगी जीपात कोंबून जायची न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो." ह्यांनी नेहमीप्रमाणे भाताकडे पाहिलं. माझी कोमल अर्धं जेवण टाकून उठली. जालन्याला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, अजून वर्गातल्या मुलींची नावंसुद्धा पाठ झाली नाहीत तिची. मी भांडी आपटली.

६ नोव्हें.
रेल्वे फाटकावरचे खलीलभाई ज्वारी घेऊन आले. देशमुख म्हणाले, "काय खलील, गावाचे हाल करून काय भेटनार तुमाला?"

"बारा बारा घंटे ड्युटी करून राह्यलो, मालक. जोडीला दुसरा माणूस द्या, इतकंच मागनं हाय. माझा डोळा लागला अन् फाटक उघडं राह्यलं, तर ट्रॅक्टर कुणाचा जाईल? तुमचाच ना?"

देशमुखांनी चष्मा पुसायला घेतला.

डबा उचलताना खलीलभाईंनी हळूच विचारलं, "भाभी, कोमलबेटीचा पेपर कधी हाय?" म्हटलं, अठराला. "संप सतराला लागतो," म्हणाले आणि मान खाली घालून गेले. मला इतका राग आला! आणि त्यांच्यावर काढता येईना म्हणून आणखीच आला.

८ नोव्हें.
ग्रामपंचायतीत बैठक. सरपंचांनी निवेदन तयारच करून आणलेलं: 'संपूर्ण गावाचा संपाला तीव्र विरोध.' हे रेल्वेच्या साहेबांच्या हातात पडलं की थांबा पक्का होईल, असं त्यांचं म्हणणं. थांबा समितीत बायकांची पुढारी मी. "ताई, तुमी सही केली का बाकीच्या बाया आपोआप करतात." म्हटलं, उद्या सांगते.

घरी आल्यापासून एकच डोक्यात. गेल्या हिवाळ्यात याच थांब्यासाठी आम्ही बायका रुळावर बसलो होतो. बसलो तेही वळणाच्या पलीकडे, अक्कल गहाण ठेवून. समोरून मालगाडी. ड्रायव्हरला आम्ही दिसणार कशा? खलीलभाई लाल झेंडी घेऊन जीव खाऊन धावले, म्हणून आज हे लिहितेय. फाटक सोडून गेले म्हणून त्यांनाच नोटीस मिळाली आणि पगारवाढ अडली. त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

आम्ही बसलो तर आंदोलन. ते बसले तर गावाला त्रास?

९ नोव्हें.
सही केली नाही. भर बैठकीत उभं राहून सांगितलं, का नाही तेही सांगितलं. सरपंच म्हणाले, "थांबा गेला तर तुमच्या नावावर जाईल, ताई." म्हटलं, आणला तेव्हा कुणाच्या नावावर होता?

बोलताना मोठी वाघीण. घरी येताना मात्र मागच्या गल्लीनं आले. माझ्याआधी बातमी ओट्यावर पोचलेली. सासरे म्हणाले, "लई मोठी पुढारी झाली." भीती वाटते. खलीलभाईंपायी मी माझ्याच लेकीचं कॉलेज घालवलं असं झालं तर तिला तोंड कसं दाखवू? पण सही करून खलीलभाईंचं दळण कोणत्या तोंडानं दळलं असतं? नाही केली तेच बरोबर. आता हातपाय हलवायचे.

११ नोव्हें.
संप लागेपर्यंत तिकिटं खपवायची. गिरणीत येईल त्या बाईला सांगते, आधी तिकीट दाखव, मग दळण. गयाबाईनं जालन्याचं तिकीट काढलं आणि तशीच घरी आली! विचारलं तर म्हणते, "तूच म्हनली ना तिकीट काढा? बसा कुठं म्हनली?" सुमन जुन्या जालन्यात जाऊन दोन साड्या घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, थांब्यासाठी घेतल्या. गणेशसुद्धा रांगेत दिसला. "मी लागलो तर हितंच पोस्टिंग मागतो, काकू. थांबा तर पाहिजे." संपवाल्यांना काढा म्हणणारा हाच तो! हसले, आणि त्याचं दळण आधी दिलं.

१७ नोव्हें.
लागला संप. गाडी नाही. फाटक पाडून कुलूप घातलेलं, म्हणजे रस्ताही बंद. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर, जीपा, नुसता गोंधळ. खलीलभाई आणि त्यांची माणसं फाटक आणि फलाटाच्या मधल्या लिंबाखाली बसलेली. देशमुखांचा कापूस अडकला होता, ते धावूनच गेले. मी मध्ये शिरले. "अंगाला हात लावायचा न्हाई!" रोज मोटारीवर ओरडून ओरडून मोठा झालेला आवाज, आज कामी आला. देशमुख मागे सरले, पण जाताना म्हणाले, "थांबा गेला की मंग रडत येशीन."

उद्या कोमलचा पेपर. जीप फाटकाच्या पलीकडे मिळेल. सासऱ्यांना या खेपेला विचारलं नाही, सांगितलं, "मामा, उद्या मी तिला जीपनं नेते." ते कुशीवर वळले.

१८ नोव्हें.
पहाटे उठते तर सासरे टोपी घालून दारात. "तू गिरणी पाह्य. नातीसंगं मी जातो."

फाटकाखालून वाकून जायचं होतं आणि त्यांची कंबर वाकेना. लिंबाखालून खलीलभाई उठून आले, एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं त्यांची टोपी. पलीकडे गेल्यावर सासऱ्यांनी टोपी घेतली आणि म्हणाले, "भेटू दे बाबा तुला तुजा जोडीचा मानूस." माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी दोघं धुळीनं माखून परत. पेपर छान गेला. कोमल सांगत होती, आजोबांनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि अख्ख्या वाटेत कुणाचं कोपर लागू दिलं नाही. सासरे कंबर शेकत म्हणाले, "जीप काही कामाची न्हाई. गाडीच पाहिजे पोरीला." ह्यांनी भातावरून मान वर केली. मी वाटीभर तेल गरम करून दिलं.

२० नोव्हें.
संप चालूच. बोलणी चाललीत म्हणे. थांब्याचं काय, कुणीच सांगत नाही. स्टेशन मास्तर म्हणतात, संपाचे दिवस धरतील का सोडतील, ते वरच्यांना ठाऊक.

काल सगळ्या बायकांना निरोप दिला होता: गाडी नसली तरी गाडीच्या वेळेला फलाटावर यायचं, रोज. थांबा कुणाला पाहिजे ते वरच्यांना दिसू दे. आज कोमलला घेऊन पोचले तर गयाबाई, सुमन, बाकीच्या सगळ्या हजर. खलीलभाईंनी लिंबाखालून हाक मारली, "भाभी, आज पन गाडी न्हाई!"

"ठावं हाय!" म्हणून मीही ओरडले.

सासरे आमच्याही आधी येऊन बाकावर बसले होते. शेजारी उपरणं टाकून कोमलसाठी जागा धरलेली.