फटफटीतली सुरमेदाणी

८ एप्रिल १९१३, मंगळवार. जुन्नर

ठरलं! राजमहंमद मामूंनी शब्द दिला! साहेबाकडून घेतलेली त्यांची फटफटी दोन महिने गोदामात धूळ खातेय. म्हणाले, "अजीज, कॉलेज अर्ध्यात टाकून आलास. वलीसमोर कोणत्या तोंडानं तुझं नाव काढू? फटफटी आपल्या मंचरच्या दुकानापर्यंत नेऊन परत आण. त्याच दिवशी वलीकडे त्याच्या हसीनाला मागायला जातो."

हसीनाला!! झोप कसली येतेय आज.

९ एप्रिल

पेट्रोल जेमतेम दोन बाटल्या. मुंबईहून डबा यायला महिना. महिना! एवढा धीर कुणाकडे आहे?

१० एप्रिल

डोकं चाललं! परदेशात स्पिरिटवर इंजिनं चालवतात — कॉलेजात ऐकलेली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिलीय. मग आपल्या डोंगरात मोहाची काय कमी? तळेघरचा सावळाराम हिरडा विकायला आला होता, त्याला गाठलं. म्हटलं, तीनदा उतरवलेली मोहाची दारू हवी.

"तुमच्यात चालत न्हाई ना, राव?"

"मी नाही पीत. फटफटी पिते!"

"मंग तिला संगं फुटाणं आणू का?"

१४ एप्रिल, सोमवार

चालली! चालली!! काल मिसळलं तर बाटलीत दोन थर — दारूत पाणी राहिलं होतं. रात्रभर कळीच्या चुन्यावर ठेवून गाळली, मग पेट्रोलशी एकजीव झाली. तीन भाग पेट्रोल, एक भाग मोहाची. फट् फट् फट् करत शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत! सगळ्या पेठेत वास. घरी आल्यावर अम्मीनं माझं तोंड हुंगलं!

१५ एप्रिल

बंद पडली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पितळी भांड्यातून ते नुसतं वाहतंय. त्या भांड्यात बुचाचा तुकडा तरंगतो — तो वर आला की पेट्रोल आपोआप थांबतं. तो तळाशी! वरचा लाखेचा लेप गायब, बूच भिजून चिंब. लाथ मारली फटफटीला. अंगठा सुजलाय.

१६ एप्रिल, बुधवार

वलीचाचांच्या बांगड्यांच्या दुकानी गेलो — लेपासाठी लाख मागायला. (खरं म्हणजे कशासाठी, ते मला ठाऊक!) चाचा नव्हते. हसीना पडद्याआडून हसली. "लाख स्पिरिटात विरघळती! आमी रोगण तसंच करतो की. कॉलेजात काय शिकलास रे?"

मग हळूच म्हणाली, "थांब जरा." आत गेली. बराच वेळ. आली ती हातात पितळी सुरमेदाणी घेऊन — लिंबाएवढी, पातळ पत्र्याची, फिरकीच्या झाकणाची. "ही ने."

वा रे हसीना! बुचाऐवजी पोकळ पितळ! लाखेची भानगडच नको! ती मागून काहीतरी सांगत होती, पण मी केव्हाच तांबट आळीत!

गेणभाऊ तांबटानं कानाशी धरून हलवली. "आत कायतरी हाये बघ."

"सुरमा असेल. लावा डाख!"

झाकण कायमचं बंद. पाण्यात सोडली — तरंगली! भांड्यात बरोब्बर मावली!

१७ एप्रिल, गुरुवार

मंचर गाठलं!!! नारायणगावात लोक रस्त्याच्या कडेला उभे. एक म्हातारबा ओरडले, "घोडं कुठं हाय रं हिचं?" जाऊन-येऊन चाळीस मैल, एकदाही थांबली नाही. साऱ्या वाटेत तिची डबी माझ्या गुडघ्यांमध्ये डुलत होती. मामूंनी पाठीवर थाप मारली, लगेच शेरवानी चढवली.

वलीचाचांच्या दारात साखर वाटत होते. ओतूरचे पाहुणे दुपारीच हसीनाची मागणी पक्की करून गेले होते. मामू तसेच परत फिरले.

मी खिडकीखाली उभा राहिलो. आतून तिचा आवाज — "डबी उघडलीच नाय ना तू?"

१८ एप्रिल

गेणभाऊकडून डबी कापून घेतली. आत चिठ्ठी. कडा करपल्यात, पण अक्षर लागतं —

"उद्या दुपारी ओतूरचे लोक येणार. मामूंना आजच पाठव. फटफटी राहू दे. पायी आले तरी चालेल."