डोंगरातले कोल्हे आणि येवल्याचे पाहुणे

तीर्थरूप पुंजाराममामा,

नाशिकहून योगेशचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा (मागच्या पत्रात मी डावा लिहिला होता, क्षमा असावी) आता बरा असेल. मामींचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक आहे, झेरॉक्सचे दुकानही ठीक आहे. फक्त येत्या रविवारी मोठा घोटाळा होणार आहे आणि तो तुम्हीच थांबवू शकता. फोनवर तुम्ही ओरडता, म्हणून लिहितो आहे.

गेल्या रविवारी आपण येवल्याला पायलला पाहायला गेलो. पोहे झाल्यावर तुम्ही अंगणात कांद्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होता, तेवढ्यात आत हे घडले. तिच्या वडिलांनी, कारभारीअण्णांनी, विचारले की दुकान सुटल्यावर काय करता? मी खरे तेच सांगितले, की संगणकावर डोंगरातली एक वसाहत सांभाळतो. मामा, हा एक खेळ आहे. बुटकी माणसे डोंगर पोखरून राहतात, शेती करतात, कोंबड्या पाळतात आणि आपण त्यांना कामे नेमून द्यायची. 'खेळ' हा शब्द मात्र मी गाळला. (मुलगी पाहायला गेल्यावर खेळाचे नाव काढायचे नाही, असे तुम्हीच एसटीत दोनदा बजावले होते.) आता अण्णांच्या भाच्याची मोटर आणि ठिबक मोबाइलवरून चालते. त्यामुळे संगणकावरून डोंगरातली शेती, यात त्यांना काहीच नवल वाटले नाही.

"माणसं किती कामाला?"

"चोवीस."

"चोवीस! अन् राहतात कुठं?"

"तिथंच. आत खोल्या खोदून दिल्यात."

"बरं केलं. त्रास कशाचा नाय ना?"

"कोल्ह्यांचा आहे."

इथे माझे चुकले. कोल्ह्यांचा विषय निघाला की मला भान राहत नाही. चार कोल्हे आहेत. ते कोणाला काही करत नाहीत, कोंबड्यांजवळ नुसते येऊन उभे राहतात, पण माझी माणसे हातातले काम टाकून पळतात. सगळ्यांत आधी सुतार पळतो. त्याचे नाव मी पुंजाराम ठेवले आहे (आदरानेच, दाढी कमरेपर्यंत आहे). एकदा तो कुऱ्हाड टाकून पळाला, तो थेट दारूच्या कोठारात सापडला. हेही मी अण्णांना सांगितले. नावासकट. तुम्ही आत आलात तेव्हा ते तुमच्याकडे तसे का बघत होते, हे आता लक्षात येईल.

तर अण्णा रविवारी शेती पाहायला नाशिकला माझ्याकडे येणार आहेत. टेम्पो ठरवला आहे आणि सोबत त्यांची दोन कुत्री आणणार आहेत. "जावईबापू, कोल्ह्यांचा बंदोबस्त करूनच माघारी येईन," म्हणाले. जावईबापू म्हणाले, मामा! त्या आनंदात माझ्याने नाही म्हणवले नाही. माझी खोली दहा बाय दहाची, आणि घरमालकीण कुसाबाई मांजरालासुद्धा जिना चढू देत नाहीत. अण्णा दारात उभे राहिले की स्थळ मोडलेच, आणि पायल मला फार आवडली आहे. म्हणून शनिवारच्या आत तुम्ही येवल्याला जाऊन अण्णांना सगळे नीट समजावून सांगावे. सुतार वेगळा आणि तुम्ही वेगळे, हेही त्यात सांगता येईल.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
योगेश

ता. क. : एक गोष्ट वर लिहायला लाज वाटली. चहा देताना पायल हळूच म्हणाली, "आमिष लावत बसू नका. कोंबड्यांच्या वाटेवर नुसता पिंजरा मांडा. माझ्या डोंगरात मी सात धरलेत." तिला पहिल्या वाक्यापासून सगळे कळले होते, आणि ट्रे हलत होता तो हसण्याने.

ता. क. २ : पिंजरा मांडला. काल एक कोल्ही सापडली (शब्द कोशात पाहून लिहिला आहे). पुंजारामने स्वतः उचलून आत आणली, आता तो पळत नाही. तिचे नाव ठेवायचे आहे, ते मी एकट्याने ठेवणे बरे दिसणार नाही. तरी अण्णांकडून पायलचा नंबर मागून घ्यावा. आधी नंबर मागा, मग खरे सांगा. क्रम चुकवू नका, कुत्री मोकळीच असतात आणि तुमचा गुडघा तसा आहे.