उंबऱ्यापर्यंत एकटी

चि. दिशा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पणजोबा हैबतराव धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या घरात जन्मले. तुझे आजोबा, ज्यांचे नाव मी कागदावरही घेत नाही, काठावरच्या या घरात जन्मले आणि तुझे वडील इंद्रजित पुण्याच्या इस्पितळात.

समुद्रातल्या तेलविहिरीवरची नोकरी तू माझ्या मोडलेल्या खुब्यासाठी नाकारलीस आणि दोन वर्षे इथून रोज ये-जा करत हिंजवडीत मोटारींचे सुटे भाग आखत बसलीस. आता त्या तेलकंपनीने पुन्हा विचारले, तर म्हणतेस, "आजी, मला बोट लागते." धरणात होडीत उभी राहून गाणी म्हणणारी मुलगी तू!

पहाटे स्वप्नात पाण्यावर एक लोखंडी घर दिसले. त्याच्या माथ्यावर ज्योत होती. नारिंगी कपड्यांतली तू वाकून खाली पाहत होतीस आणि खोल पाण्यात आपल्या जुन्या घराची चूल शांत पेटलेली होती.

पाणी ओसरून त्या घराचा दगडी उंबरा उघडा पडला आहे. दर उन्हाळ्यात तू माझा हात धरून मला तिथे हळदकुंकू वाहायला नेतेस. आज मी एकटी उतरले. शेजारची आरिफा माझी काठी घेऊन मागे धावली. "आजी, घसरलात तर दिशा मला जित्ती सोडायची न्हाई!" तिला मी वरच थांबवले.

भाकरी झाकून ठेवली आहे. मी निजते. होकार कळवल्याशिवाय मला उठवू नये.

काठी तुझ्या टेबलावर आहे. तू मला दिलेली दोन वर्षे आज पूर्ण फेडली.

सारजाबाई