मीनाचा रफार

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

आज पुन्हा मीनाचं नाव. ऑफिसात दोघं नवीन आलेत, त्यांना धनराज सर सांगत होते, "हा भाग नाशिकच्याच एका मुलीने लिहिलाय, कॉलेजात असताना." माझ्यादेखत. ती मुलगी चार वर्षं माझ्याच बाकावर बसायची हे सरांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांत चालतं. पेशंट घरी जाताना त्याला मराठीत कागद मिळतो, कुठली गोळी, कधी, किती. छापताना जोडाक्षरं, रफार, वेलांट्या नीट बसवण्याचं काम मीनाची लायब्ररी, म्हणजे तिने लिहिलेल्या तयार कोडचा संच, करते. तिने ती इंटरनेटवर खुली ठेवली आहे. कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. बाकीचं सगळं मी लिहिलंय. तीन वर्षं! कौतुक मात्र तिच्या चारशे ओळींचं.

७ नोव्हेंबर

लायब्ररीचं पान उघडून पाहिलं. शेवटचा बदल एप्रिल २००४ चा. त्यानंतर काही नाही.

आनंद झाला. इथे खोटं कशाला लिहू — झाला.

सरांकडे गेले. म्हटलं, "सर, ही सोडून दिलेली लायब्ररी आहे. कुणी सांभाळत नाही. काढून टाकू."

"काही बिघडलंय?"

"अजून नाही."

"मग चालू दे की. दुसरी बसवायला दोन महिने जातील."

चालू दे. मीना अमेरिकेत मजेत असणार, मोठ्या कंपनीत, काचेच्या इमारतीत. आणि मी ओझरहून बसने येऊन तिचा कोड सांभाळायचा.

८ नोव्हेंबर

काही नाही. नवा फॉन्ट बसवला. दिसायला सुरेख आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार

वाईट झालं.

सुरगाण्याकडच्या चतुराबाई म्हणून पेशंट. गुरुवारी घरी सोडलं. ब्लडप्रेशरची गोळी, 'रात्री अर्धी'. नव्या फॉन्टमध्ये रफार पडलाच नाही. कागदावर छापलं गेलं 'रात्री अधी'. त्यांचा मुलगा मंगळू कागद वाचून गोळ्या द्यायचा. काल सकाळी त्या चक्कर येऊन ओट्यावरून पडल्या. कपाळाला सहा टाके.

सरांनी मला हॉस्पिटलात पाठवलं. मंगळूने कागद चौघडी करून खिशात ठेवला होता. उलगडून माझ्यापुढे धरला. "हे बघा ना ताई. रातीच्या आधी, असं लिवलंय. मी दिवस मावळायच्या आधी देत होतो. पुरी गोळी. माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," म्हटलं. आणखी काय म्हणणार?

आणि तिथे, त्या बाईच्या खाटेशी उभी असताना, एक क्षण मला वाटून गेलं — बरं झालं, मीनाचा कोड चुकला. लाज वाटते. पण वाटलं.

१४ नोव्हेंबर

जुना फॉन्ट परत लावला. सगळ्या हॉस्पिटलांना फोन केले. बुधवारपासूनचे सगळे कागद तपासले, चुकलेले हाताने लिहून घरोघर पोचवायला सांगितले.

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काढायची की ठेवायची, शनिवारपर्यंत तू ठरव. कारणासकट." फॉन्ट तपासल्याशिवाय मी बसवला, हे दोघांनाही माहीत होतं.

१५ नोव्हेंबर

मीनाचा कोड पहिल्यांदा ओळीन् ओळ वाचला. दोष शोधायलाच बसले होते. तीन तास वाचत राहिले. इतका स्वच्छ कोड मला आजही लिहिता येत नाही. कॉम्प्युटर बंद करून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

रफाराची चूक सापडली. दोन ओळींची. मग लायब्ररीच्या पानावर लोकांचे प्रश्न चाळले तर हीच चूक काठमांडूच्या एका माणसाने गेल्या वर्षी कळवलेली. नीट, नमुन्यासकट. खाली उत्तर नाही. असे एकतीस प्रश्न पडून आहेत.

आता मत्सर नाही, राग आला. लोक इतक्या विश्वासाने विचारतात आणि ही बाई साधी ओसुद्धा देत नाही.

१६ नोव्हेंबर

चतुराबाईंना आज घरी सोडलं. मंगळूने नवा कागद आधी नर्सकडून वाचून घेतला, मग खिशात ठेवला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्गातल्या आशाकडून मीनाचा नंबर मिळवला. आपल्याच जिल्ह्यातल्या देवळ्याचा निघाला.

"मीना, हर्षाली बोलतेय."

"अगं, किती वर्षांनी!" मागे ट्रॅक्टरचा आवाज.

अमेरिका नाही, काही नाही. सासरी कांद्याचा व्यापार आहे, ती खळ्यावर मजुरांची हजेरी घेते. घरात कॉम्प्युटर नाही. लग्नानंतर एकदाही हात लावला नाही, म्हणाली. असं म्हणाली, जसं कुणी सांगावं की आमच्याकडे नळ नाही.

मी पाठ करून ठेवलेलं तरीही बोललेच. एक बाई पडली, टाके पडले. सोडायचीच होती तर लायब्ररी दुसऱ्या कुणाला देऊन जायचीस.

"पण मी तुला दिली होती ना," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या आठवड्यात मेल केलं होतं, पासवर्डसकट. वर्गात माझ्याहून चांगलं कुणी सांभाळेल तर तूच, असं वाटलं. उत्तर नाही आलं तुझं. म्हटलं, कामात असशील. पण बघत असशील."

"त्या बाई बऱ्या आहेत ना आता?" तिनेच पुढे विचारलं. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मेल सापडलं. ९ मे २००४. न उघडलेलं. त्या वर्षी तिचं नाव दिसलं की मी न वाचता बाजूला टाकायचे. पासवर्ड अजून चालतो. दोन ओळी दुरुस्त केल्या. लायब्ररी ठेवायची, हे सरांना कळवलं. कारण सोमवारी समोर बसून सांगणार आहे — ती सोडलेली नव्हती, अडीच वर्षं माझ्याकडेच होती.